तिकडचे निरोप

सापगाव,
रविवार

अहो,

आज सकाळी अंगण सारवलं. गाईला पेंढा टाकला. उज्ज्वलाचा वाशिंदहून फोन आला, "आई, जेवलीस का?" मी हो म्हटलं, तेव्हा जेवले नव्हते. मग शेतावर एक फेरी मारून आले. परत आले तर दारात एक बाई बसलेली. मुरबाडकडची, ओळखीची नाही. तिच्यामुळे हे पत्र लिहायला बसले आहे. एरवी मी कुठली लिहिणार! लग्न झाल्यापासून तुम्हाला एक चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. तुम्ही कधी लांब गेलाच नाहीत, मग लिहायचं कशाला?

ती बाई का आली होती ते सांगते. पण बसलेच आहे तर आधी माझं थोडं बोलून घेते. तुम्ही मध्ये बोलणार नाही, हे एक बरं आहे.

गेल्या वर्षीच्या कापणीच्या वेळचं तुम्हाला नीट आठवत नव्हतं. लोकांना मात्र सगळं रंगवून सांगायचात! मला आठवतं ते एवढंच. सकाळपासून छातीत जड वाटतंय म्हणत होता. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. "पित्त हाय गो, सोडा दे," म्हणालात आणि सोडा पिऊन परत विळा घेतलात. दुपार कलल्यावर जेवायला घरी आलात आणि न जेवता खाटेवर आडवे झालात. बनियन घामानं चिंब झालं होतं. मग घशातून एक आवाज आला. त्यानंतर काहीच आवाज आला नाही.

आनंदीकाकूंनी तुमच्या नाकाशी बोट धरलं. तुमची चुलती ती, तुम्हाला आईपेक्षा तिनंच जास्त खांद्यावर फिरवलेलं. "गेला माझा बाळू," म्हणाली. "खाली घ्या त्याला." खाटेवर जीव जाऊ द्यायचा नाही, ही आपल्यातली रीत. चौघांनी उचलून तुम्हाला भुईवर ठेवलं. काकूंनी तुमच्या ओठांना तुळशीचं पाणी लावलं. मग माझे दोन्ही हात धरले आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटले. खरं तर ते नंतर करायचं असतं. पण काकूंचं सगळंच आधी!

मी रडले नाही. बांगड्यांच्या काचा कुणाच्या पायात जातील म्हणून गोळा करत बसले. तुमच्याकडे पाठ होती माझी. असं का केलं असेल मी?

तेवढ्यात आपला पुतण्या संजय आला. कारखान्यातून पहिली पाळी करून नुकताच वाशिंदहून पोचला होता, खांद्याला डबा तसाच. त्यानं डबा टाकला, गुडघ्यावर बसला आणि तुमची छाती दाबायला लागला. कारखान्यात त्यांना शिकवलेलं म्हणे, रबराच्या बाहुल्यावर.

"मेलेल्या मानसाला कशाला मारतोस रे, मुडद्या!" काकू त्याच्या अंगावर धावल्या.

"आजी, बाजूला व्हा! काकी, कुनाची जीप बघा!"

जीपमध्ये तुम्हाला तळाशी आडवं घातलं, तिथंही तो दाबतच होता. शहापूरच्या दवाखान्यात मशीननं छातीला झटका दिला. दाराच्या फटीतून मला तुमचे पाय दिसत होते. ते उडाले आणि खाली पडले. चिखल तसाच होता पायांना. मग डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, हृदय चालू झालंय.

सगळे एकदम बोलायला लागले. डॉक्टरांनी हात वर केला. म्हणाले, अजून धोका टळलेला नाही. हृदयाची मोठी नस गुठळीनं बंद झाली आहे. ती बंद राहिली तर हृदय पुन्हा थांबेल. ती उघडायची सोय इथं नाही, कल्याणला न्या, आत्ताच.

कल्याणच्या डॉक्टर बाई होत्या, उज्ज्वलाच्या वयाच्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "हाताच्या नसेतून बारीक तार घालून हृदयाची नस उघडता येईल. तिथं स्टेंट बसवू. पण पेशंट बेशुद्ध आहेत. हृदय थांबलं होतं तेवढा वेळ मेंदूला रक्त मिळालेलं नाही. नस उघडली तरी ते शुद्धीवर येतीलच, असं मी सांगू शकत नाही. थांबून मात्र काही चांगलं होणार नाही."

धाकटे भाऊजी हात जोडून म्हणाले, "म्याडम, दादा एकदा गेलेलाच हाय. आता त्याला आनि कशाला टोचायचं? घरी नेतो आमी." वाईट मनानं नाही बोलले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्यांच्या. दुपारी आपल्याच हातांनी तुम्हाला खाली उतरवलं होतं ना त्यांनी.

नर्सनं विचारलं, "पेशंटच्या पत्नी कुठं आहेत?" मी म्हटलं, मीच. तिनं माझ्या मनगटांकडे बघितलं, मग कपाळाकडे. काकूंनी कुंकूही पुसलं होतं. तिला वाटलं असेल, ही बाई काहीतरी चुकीचं सांगते आहे. मी तुमची कोण होते त्या वेळी, हे तिथं कुणालाच धड माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

डॉक्टर बाई माझ्याकडे बघत थांबल्या. मी म्हटलं, "उघडा."

त्या सगळ्या दिवसात मी तेवढंच बोलले असेन. तुम्हाला न विचारता बोलले. बरोबर केलं ना?

तुम्ही शुद्धीवर यायला बरेच दिवस लागले. मी काचेबाहेर बसून असायची. एका सकाळी नर्सनं आत बोलावलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग माझ्या हातांकडे. आवाज बसलेला होता, नीट ऐकू येत नव्हता.

"बांगड्या कुठं गो?"

"फुटल्या," मी म्हटलं.

"कशा?"

"आपटून."

खोटं नव्हतं ते. तुम्ही डोळे मिटलेत. थोड्या वेळानं म्हणालात, "काकू?" आणि हसायला गेलात, तर फासळ्यांत कळ आली. संजयनं दाबताना दोन मोडल्या होत्या.

घरी आल्यावरची गंमत आठवते का? मला बांगड्या भरायच्या की नाही, हेच ठरेना! काकू म्हणाल्या, "आपल्यात असं कधी झालंच नाय. फोडायची रीत हाय, परत भरायची कुठं हाय?" कुणी म्हणालं, पुन्हा हळद लावायला हवी. तुम्ही पडवीतून ओरडलात, "लावा की! वरात पन काढा, या येळेला घोडा सांगा!" शेवटी काकूंनीच शहापूरहून बांगडीवाल्याला बोलावलं आणि स्वतः समोर बसून माझे हात भरले. कल्याणच्या डॉक्टर बाई बोलल्या होत्या, की टणक जमिनीवर ठेवलं म्हणून छाती नीट दाबली गेली, खाटेवर दाबली असती तर खाटच दबली असती. ते ऐकल्यापासून काकू गावभर सांगत होत्या, "बाळूला मी वाचवला. मीच बोलले खाली घ्या."

आणि मग लोक यायला लागले.

आधी गंमत करायलाच यायचे. नाक्यावरच्या चहावाल्या गणपतभाऊंनी विचारलं, "काय रे बाळ्या, यमाचा रेडा बघितलास काय?" तुम्ही म्हणालात, "बघितला. तुझ्यापरीस बरा दिसत होता." सगळे हसले. हसणं थांबल्यावर मागं बसलेल्या म्हातारबांनी हळूच विचारलं, "आमची दिसली का रे कुठं?"

तिथंच तुम्ही नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, "दिसली ना. चालत होती. काठी नव्हती हातात."

म्हातारबांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी हौसाबाई आली. तिचा मुलगा भातसा नदीच्या पाण्यात बुडाला होता. तिला तुम्ही सांगितलंत, "आईला सांग म्हनला, आता थंडी वाजत नाय." ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन खूप वेळ रडली आणि जाताना भांडी घासून गेली. त्यानंतर शेणव्याहून लोक आले, मुरबाडकडून आले. एकानं तर बैलाचं विचारलं! "दिसला की, मोकळा होता," असं तुम्ही तोंडावरची रेष न हलवता सांगितलंत.

मला ते आवडायचं नाही. मी एकदा बोलले, "अहो, खोटं का सांगता माणसांना?"

"मी कुठं सांगतो? त्यांना काय आयकायचं ते त्यांच्या तोंडावर असतं. मी फक्त वाचतो."

"आणि खरं काय होतं?"

हे विचारायला मात्र पावसाळा उजाडावा लागला. तुम्हाला लावणीला उतरायची बंदी होती, म्हणून बांधावर बसून सगळ्यांना सूचना करायचात. मी चहा घेऊन आले होते. तुम्ही कप हातात घेतलात आणि पाण्याकडे बघत म्हणालात, "काय नव्हतं गो. अंधार पन नव्हता. तू सोडा दिलास तिथपर्यंत आठवतंय, मग एकदम डोळ्यांवर लाईट. मधी काय नाय."

मग म्हणालात, "कुनाला सांगू नको. आनि तुला खोटं सांगायला जीभ वळत नाय माझी."

मी कप घेऊन परत आले. घरी येऊन विसळला. तेव्हा वाटलं, बरं झालं, मला खरं सांगितलं. माझ्यावर एवढा विश्वास! आता तसं वाटत नाही. सगळ्या गावाला तुम्ही काही ना काही आणलंत. हौसाबाईला आणलंत, बैलवाल्याला आणलंत. मलाच तेवढं काही आणलं नाहीत. वळवायची होती ना जीभ. मी ओळखलं असतं खोटं आहे ते, तरी चाललं असतं.

हा राग नाही. राग येतो तेव्हा काहीतरी वाटतं तरी. मला सध्या फारसं काही वाटतच नाही. उज्ज्वला म्हणते, आई, रड एकदा. मी म्हणते, बघू.

हृदय कमजोर झालंय, हे कल्याणला सांगितलंच होतं. गोळी तुम्ही एकही चुकवली नाहीत, ते मी सगळ्यांना सांगते. या वर्षीची झोडणी चालू होती. खळ्यावर पेंढ्याला टेकून बसला होता आणि भाऊजींना चिडवत होता, "अरे, भात झोडतोस का पाठ खाजवतोस?" भाऊजी काहीतरी उलटं बोलले. तुमचं उत्तर आलं नाही. तुमचं उत्तर आलं नाही असं कधी झालंय का? मी तेवढ्यावरच ओळखलं.

संजय घरीच होता. त्यानं दाबलं. रुग्णवाहिका आली, त्यांनीही दाबलं, मशीन लावलं. मग त्यांनी मशीन काढलं आणि मान हलवली. आणि अहो, कुणी रडलंच नाही! सगळे खळ्याभोवती उभे राहून वाट बघत होते. गावाला खात्रीच होती, तुम्ही उठणार. काकूंनी माझे दोन्ही हात धरून ठेवले. आपटायला नाही. कुणी बांगड्यांना हात लावू नये म्हणून. "थांबा गो," म्हणत होत्या. "घाई करू नका. येतो तो."

खूप वेळ थांबलो. तिरडी बांधायलाही कुणी पुढं होईना. जाळायच्या वेळी गणपतभाऊ तुमच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "बाळ्या, पुरे झालं रे. ऊठ आता." हे मला भाऊजींनी सांगितलं.

मागच्या वेळी मी एक शब्द बोलले आणि ते झालं. या वेळी मला कुणी काही विचारलंच नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे कळतं मला. तरी मी तयार होते.

बांगड्या अजून हातात आहेत. काकू काही बोलत नाहीत. मीही विचारलं नाही.

आता त्या बाईचं सांगते. माझ्याच वयाची असेल. मांडीवर पिशवी, पिशवीत तांदळाच्या पापड्या. मला बघून उठून उभी राहिली.

"निरोप सांगनारे दादा इथंच ऱ्हातात ना?"

"इथंच राहत होते," मी म्हटलं.

"शेतावर गेलेत काय?"

"नाही. वारले."

ती खाली बसली. मी पाणी दिलं. मुरबाडहून शहापूरला एसटीनं आली होती, तिथून टमटमनं. पाणी पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "या टायमाला खरंच?"

"खरंच."

तिची लेक गेली म्हणाली, बाळंतपणात. सविता नाव. बाळ राहिलं, ते हिच्याजवळच आहे. हिला कुणीतरी सांगितलं, सापगावच्या बाजूला एक माणूस जाऊन आलाय. यायचं यायचं म्हणत राहून गेलं. बाळाला कुणाकडे ठेवायचं हाच प्रश्न होता.

 तुमच्यासारखं तिच्या तोंडावरचं वाचता येतं का बघितलं. मला नाही आलं. मला वाटलं, ती आता उठेल. तर म्हणाली, "म्हंजे दादा आता तिकडंच हायेत."

मी रिकामा तांब्या उचलला.

"मंग मी सांगते ते त्यांना कळवाल का? तुमचं आयकतील ना ते?"

"जिवंत होते तोवर तर कधी ऐकलं नाही," मी म्हटलं.

ती हसली. मलाही हसू आलं. अहो, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच! 

तर तिचा निरोप असा. सविताला सांगायचं, की पोरगा बोलायला लागला. मामाला मामा म्हणतो. कोंबडीला पण मामा म्हणतो. आई अजून म्हणत नाही, पण आजी त्याला रोज फोटो दाखवते आणि शिकवते आहे. सविता ओळखायची खूण, डाव्या गालावर तीळ. उंचीला बुटकी. लाजरी आहे, आपणहून पुढं येणार नाही, मागं कुठं तरी उभी असेल. तुम्हीच हाक मारा. ती बोलणार नाही लगेच, तुम्ही काहीतरी थट्टा करून तिला बोलतं करा. ते तुम्हाला जमतं. मला नसतं जमलं.

मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "कळवते." ती बाई पापड्या ठेवून गेली. फाट्यापर्यंत मी तिला पोचवून आले.

तिथं काही नाही, हे तुम्ही मला सांगितलंत, आणि माझा तुमच्यावर विश्वास आहे. अजूनही आहे. पण निरोप घेतला आहे, तो ठेवून कसा घेऊ? बाई एवढ्या लांबून आली होती. म्हणून लिहून टाकला.

माझा काही निरोप नाही. म्हणजे, काय लिहावं ते समजत नाही. मी बरी आहे. गाय गाभण आहे.

बांधावर जे बोललात ते मी कुणाला सांगणार नाही. काकूंना नाही, उज्ज्वलालाही नाही. आणि यापुढं कुणी विचारत आलं, तर त्याला दारातून परत पाठवणार नाही. बसवेन, पाणी देईन, काय सांगायचं ते सांगू देईन. मला उत्तर आणता येणार नाही. पण ऐकून घेईन आणि तुम्हाला लिहीन. एवढं नक्की करीन.

मध्येच नळाला पाणी आलं, म्हणून उठले होते. हंडा भरला. नळापासून आतपर्यंत नेताना एकदा टेकवावा लागला. मग परत उचलला आणि जागेवर ठेवला, वर ताट झाकलं.

तुमची,
सुमन